बारावी सुई

पुण्याहून सुटणाऱ्या एसटीच्या पाटीवर 'अहिल्यानगर' लिहिलं होतं आणि कंडक्टर दारात उभा राहून "नगर, नगर, नगर" असं ओरडत होता. मी दोन्हींची खात्री करून घेतली आणि खिडकीजवळची जागा धरली. चिपळूणहून आदल्या दिवशी निघाले होते. पिशवीत साळवेबाईंसाठी काजू आणि कोकमाच्या आगळाची बाटली होती. मनात मात्र त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, याचं काहीच ठरलेलं नव्हतं.

साळवेबाई म्हणजे निवृत्त परिचारिका, मूळच्या नगरच्या. माझी त्यांची ओळख तुरुंगातली. लगेच दचकू नका, मी तुरुंगाधिकारी होते. बत्तीस वर्षं त्या खात्यात काढली. एका जिल्ह्याच्या तुरुंगात महिला विभाग माझ्याकडे असताना साळवेबाई तिथल्या सरकारी दवाखान्यात होत्या, आणि दर गुरुवारी दुपारी आमच्या बंदी बायकांना वाचायला शिकवायला येत. तुरुंगाचं नाव लिहीत नाही. नगरचा नव्हे, एवढंच सांगते. नोकरी संपल्यावर त्या सावेडीत येऊन राहिल्या, मी चिपळूणला गेले. अधूनमधून फोन व्हायचा. दिवाळीत त्या म्हणाल्या, "डोळे जवळजवळ गेले. पूर्ण जायच्या आत येऊन जा. कमललाही भेटू, ती सुप्याजवळच असते."

कमल माझ्याच विभागात शिक्षा भोगून सुटलेली. तिचं नाव ऐकल्यावर मी घाईने फोन ठेवला होता.

शिरूर मागे टाकून घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. आमच्याकडे नजर दहा हात जात नाही तोवर डोंगर किंवा झाड आडवं येतं. इथे नजरेला थांबायला काही नव्हतंच. जानेवारीचा महिना, दोन्ही बाजूंना कणसाला आलेला शाळू (रब्बीची ज्वारी) उभा, आणि वर आकाश एवढं मोठं की आपणच लहान झाल्यासारखं वाटावं. शेजारी नऊवारी नेसलेल्या एक आजी बसल्या होत्या.

"कुठल्या तुमी?"

"चिपळूणची."

"लई लांब. तिकडं ज्वारी व्हती का?"

"नाही, भात होतो."

"मंग भाकर कशाची खाता?"

"तांदळाची."

आजी मागे टेकून हसल्या. "तांदळाची बी भाकर असती व्हय!" असं म्हणून त्यांनी पुढच्या बाकावरच्या बाईला हात लावून ही बातमी सांगितली. सुप्यापर्यंत माझ्याकडे कुतूहलाने बघणाऱ्या चार बायका झाल्या होत्या. सुप्याला कारखान्यांच्या लांबच लांब पत्र्याच्या शेड दिसल्या, गणवेशातली माणसं चढली-उतरली, आणि आजीही उतरल्या. उतरताना म्हणाल्या, "ज्वारीची खाऊन जावा."

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा पिशवीखाली लालभडक डाग पडला होता. आगळाची बाटली फुटली होती. काजू वाचले, पण माझे बदलायचे सगळे कपडे लाल झाले. रिक्षावाल्याने पिशवीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काय कापून आणलंय का मावशी?"

"कोकम आहे हो!"

"मग ठीके. पिशवी सीटवर नका ठेवू पण."

शेखभाई नाव त्यांचं. सावेडीला जाईपर्यंत त्यांनी माझं गाव, नोकरी आणि पेन्शन एवढं सगळं काढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सुप्याला न्यायचंही ठरवून टाकलं.

साळवेबाईंचं घर म्हणजे बैठ्या बंगल्यातल्या दोन खोल्या. भिंतींवर काही नाही. क्रूससुद्धा नाही. चार खुर्च्या, एक पलंग, आणि त्यावर अंथरलेली रंगीत तुकड्यांची गोधडी, तेवढंच काय ते नटलेलं. बाईंनी माझा हात हातात घेतला, चेहऱ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "जाड झालीस." मग आगळाचा वास आला तशा हसत सुटल्या. कपाटातून स्वतःची राखाडी सुती साडी काढून त्यांनी मला नेसायला दिली. त्यांच्याकडे साड्या होत्या पाच, आणि पाचही राखाडी.

या साध्या राहणीचं कारण मला पूर्वीपासून थोडंफार माहीत होतं. साळवेबाई क्वेकर आहेत. हा ख्रिस्ती धर्मातला एक छोटासा पंथ. त्यांच्यात पाद्री नसतो, घंटा नसते. रविवारी एका खोलीत जमतात आणि गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. नर्मदेकाठच्या एका गावात या लोकांचा दवाखाना होता, तिथे बाईंचे वडील कंपाउंडर होते. तिथूनच हे त्यांच्या घरात आलं.

संध्याकाळी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी असं जेवलो. आजींचं म्हणणं मी पाळलं, आणि त्यांचं बरोबर होतं हेही कबूल करते. जेवण झाल्यावर मी बाईंना इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न विचारला.

"तुम्ही तुरुंगातच का येत होतात? अनाथाश्रम होते, शाळा होत्या."

"आमचे जुने लोक आधी स्वतःच तुरुंगात होते ना," त्या म्हणाल्या. "इंग्लंडात त्यांना कोर्टात शपथ घे म्हणायचे, तर हे घ्यायचे नाहीत. खरं बोलायला शपथ कशाला लागते? मग शपथेशिवाय बोलतो ते खोटं की काय? एवढ्यावरून आत टाकायचे. हजारोंनी गेले. कोठडीत मेलेसुद्धा. त्यामुळे बाहेर आलेल्यांना आत काय असतं ते ठाऊक होतं. ते विसरले नाहीत, एवढंच."

मग त्यांनी मला लंडनच्या 'त्या बाई'ची गोष्ट सांगितली. साळवेबाई तिचं नाव घेत नाहीत, 'ती बाई' म्हणतात. घरातल्या थोरल्या जावेबद्दल बोलावं तसं. दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या तुरुंगात बायका आणि त्यांची कच्चीबच्ची एकाच दालनात कोंबलेली असत. अंगावर धड कपडा नाही, खाली गवत. पहारेकरी पुरुष, आणि तेही आत जायला घाबरायचे. ही बाई चांगल्या घरची, पुष्कळ मुलांची आई. ती तान्ह्या मुलांसाठी उबदार कपडे घेऊन आत गेली. नंतर पुन्हा गेली, आणि जातच राहिली. मुलांची शाळा काढली, आणि शिकवायला त्या बंदी बायकांतलीच एक निवडली. शिवणकाम सुरू केलं. बायकांवर देखरेखीला बाईच हवी, हा आग्रह धरला.

"आणि नियम केले ना," साळवेबाई म्हणाल्या, "तेव्हा एकेक नियम त्या बायकांना वाचून दाखवला. पटतो का म्हणून विचारलं. हात वर करून त्यांनी मत दिलं. कैद्यांना विचारून नियम!"

मी खुर्चीत सरळ झाले. महिला विभागात महिला अधिकारी, पुरुष कर्मचारी एकटा आत येणार नाही, मुलांची बालवाडी, हातांना काम. बत्तीस वर्षं मी हे नियम राबवले. कुठल्याशा सरकारी टेबलावर बसून कुणी साहेबाने ते लिहिले असतील, असंच मला वाटत आलं होतं. माझी नोकरीच त्या बाईने जन्माला घातली होती म्हणायची.

ज्या बायकांना काळ्या पाण्यासारखी दूर देशी पाठवायची शिक्षा व्हायची, त्यांच्या जहाजांवरही ही बाई आणि तिच्या मैत्रिणी जात. प्रत्येकीला कापडाचे तुकडे, सुया, दोरा अशी पिशवी देत. महिनोनमहिन्यांचा समुद्रप्रवास, त्या बायका जहाजावर गोधड्या शिवत जात. "म्हणून मी आपल्याकडे गोधडी आणली," साळवेबाई म्हणाल्या. "शिकवायला म्हणून आणली आणि टाका मलाच येईना. कमलने शिकवला."

गोधडी म्हटल्यावर मला पुढचं सगळं आठवलं आणि मी विषय बदलू पाहिला. म्हटलं, "चांगली माणसं. सगळं चांगलंच केलं त्यांनी."

"छे!" बाई एकदम म्हणाल्या. "एकांतकोठडी कुणाची कल्पना? आमच्याच लोकांची. अमेरिकेतल्या. त्यांना वाटलं, गप्प बसून आपल्याला देव भेटतो, तर कैद्यालाही भेटेल. एकेकाला एकेका खोलीत ठेवा, कुणी कुणाशी बोलायचं नाही, तो आपोआप पश्चात्ताप करेल. माणसं वेडी झाली गं. आमची शांतता आम्ही आपण होऊन बसतो, आणि दार उघडं असतं. हे त्यांच्या ध्यानात यायला फार काळ गेला. आपण भलं करतोय अशी खात्री असली की समोरच्याचं ओरडणं ऐकूच येत नाही."

त्यांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांना दिसतच नव्हतं म्हणा. पण मला ते बसायचं तिथे बसलं, आणि अठरा वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट मी त्यांना सांगितली.

गोधडीच्या वर्गात बारा सुया मोजून द्यायच्या आणि बारा मोजून घ्यायच्या, असा नियम होता. मोजायचं काम कमलकडे. एका गुरुवारी साळवेबाई गेल्यावर अकराच भरल्या. सगळी बराक झाडून काढली, बायकांच्या वेण्या सोडून पाहिल्या. सुई नाही. आदल्याच दिवशी कमलचं एकीशी कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि "तुझे डोळे फोडीन" असं ती बोलली होती. वरिष्ठांची तपासणी चार दिवसांवर होती. मी अहवाल लिहिला की कमलने इजा करण्याच्या हेतूने सुई लपवली. तिला नऊ दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. तिची दोन महिन्यांची माफी कापली गेली. चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत जी सूट मिळते, तिला आमच्याकडे माफी म्हणतात. गोधडीचा वर्ग मी बंद केला.

एवढं साळवेबाईंना माहीत होतं. त्या नऊ दिवसांतल्या गुरुवारी त्या आल्या होत्या. माझ्याशी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "मी तिच्या दाराबाहेर बसू का?" तासभर त्या दाराबाहेर जमिनीवर बसल्या, आत कमल. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढचं त्यांना माहीत नव्हतं. कमल सुटून गेली. त्यानंतर पावसाळा संपल्यावर मी ती अर्धवट गोधडी उन्हात टाकायला काढली, तेव्हा माझ्या अंगठ्यात सुई घुसली. दोन थरांच्या मधे अडकून राहिली होती. कुणीतरी टाका घालता घालता ती आतच सोडली असणार. कुणी लपवली नव्हती. मी ती काढली, पर्समध्ये टाकली आणि कुणाला काही बोलले नाही. माझ्या बढतीची फाईल वर गेली होती. चौकशी चुकली असं स्वतःच्या हाताने लिहिणं मला जमलं नाही.

सांगून झाल्यावर मी बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांनी चाचपत पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? मी काही पाद्री नाही. आमच्यात पाद्री नसतोच."

सकाळी शेखभाईंची रिक्षा दारात आली. केडगाव मागे पडलं तसा थंड वारा सुटला. साळवेबाई शाल लपेटून बसल्या होत्या आणि डाव्या हाताला काय दिसतं, उजव्या हाताला काय दिसतं, हे मला विचारत होत्या. मी सांगत होते: शाळू, कांदा, मेंढरांचा कळप, पुन्हा शाळू. मधेच मी विचारलं, "तुम्ही बंदी बायकांना 'तुम्ही' म्हणायचात. आम्हाला ते फार विचित्र वाटायचं."

"जुने क्वेकर सगळ्यांना 'तू' म्हणायचे, राजालासुद्धा. सगळी माणसं सारखी म्हणून. मराठीत ते करायला गेले असते तर तुमच्या अधीक्षकांनी मला हाकलून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "मग मी उलटं केलं. तुरुंगात सगळ्यांनाच 'तुम्ही'. तुला 'तू' म्हणते ते मैत्रीण म्हणून."

सुप्याहून आत वळल्यावर कच्चा रस्ता लागला. शेताच्या बांधावर दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याचा मांडव, आणि मांडवाखाली चार बायका मोठ्या गोधडीभोवती बसून टाके घालत होत्या. त्यांतली एक उठून आली. केस पांढरे झालेले, पण चाल तीच, खांदा थोडा पुढे काढून. कमल. तिने साळवेबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ह्या तुमच्या भैन का?"

राखाडी साडीत तिने मला ओळखलं नव्हतं.

"मी वसुधा. तुरुंगातली," मी म्हटलं.

"मॅडम? आवं खाकीबिगर वळखूच आला न्हाईत की!" असं म्हणून तिने पदर सावरला आणि अगदी नकळत पाय जुळवून उभी राहिली, हजेरीला राहायची तशी. मला ते बघवलं नाही.

कमलचा गुन्हा काय होता ते मी इथे लिहीत नाही. त्याची शिक्षा तिने भोगली. सुटल्यावर सासरचं दार बंद झालं, भावाने शेताच्या कडेला ही जागा दिली. तिने एकटीने वाकळा (गोधड्या) शिवायला सुरुवात केली. वर्षभर कुणी शिवून घेतली नाही. मग एका बाळंतिणीसाठी कुणीतरी घेतली आणि हळूहळू गाव यायला लागलं. आता तिच्या हाताखाली तिघी आहेत. त्यांपैकी एकीला नवऱ्याने टाकलंय, एक मुकी आहे, आणि तिसरीबद्दल कमल म्हणाली, "ती आपली चांगल्या घरची हाय, पर तिला घरात करमत न्हाई." हे सगळं सांगताना तिच्या बोलण्यात गाऱ्हाणं नव्हतं. मी खात्यात असताना सुटलेल्या बायकांचं पुढे काय होतं हा प्रश्न मला फारसा पडला नव्हता. इथे त्याचं उत्तर स्वतःच्या हिमतीवर उभं होतं.

तिने शेतात आगटी पेटवली होती. आगटी म्हणजे जमिनीत छोटा खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात. त्यात शाळूची कोवळी कणसं भाजून, तळहातावर चोळून हिरवे दाणे काढायचे. हाच हुरडा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कमल गरम कणीस उघड्या हाताने चोळत होती आणि दाणे आधी साळवेबाईंच्या हातात, मग माझ्या हातात देत होती. गोड, दुधाळ, धुराचा वास असलेले दाणे. आयुष्यात इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं, पण दुसरी मूठ मी हातातच धरून ठेवली.

"कमल," मी म्हटलं, आणि पुढे 'तू' म्हणावं की 'तुम्ही' इथेच अडले. "कमलताई, तुम्हाला एक सांगायचंय. ती सुई सापडली होती."

मी सगळं सांगितलं. पर्ससकट, बढतीसकट. तिचा चोळणारा हात थांबला होता. विस्तवाकडे बघत ती म्हणाली, "कवा सापडली?"

"तुम्ही सुटल्यावर. दिवाळीच्या सुमाराला."

"म्हंजी वैशूच्या लग्नानंतर."

मला कळलं नाही. तिने सांगितलं. वैशाली तिची एकुलती एक मुलगी, आजोळी वाढलेली. तिचं लग्न ठरलं तेव्हा कमलने निरोप धाडला होता की मी सुटून येते, तारीख त्यानंतरची धरा. माफी धरून हिशेब बरोबर बसत होता. दोन महिने कापले गेले आणि लग्न तिच्याशिवाय लागलं. "लोक म्हनले, बरंच झालं, न्हाईतरी तिला मांडवात कुठं हुभी करायची व्हती. पर म्या लांबून तरी बघितलं असतं, मॅडम. बांधावरनं."

ती उठली आणि शाळूत निघून गेली. धाटांच्या वर तिचं पांढरं डोकं दिसत होतं. ती कणसं मोडत होती, गरज नसताना, एकामागून एक. मी उठायला गेले तर साळवेबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही बसून राहिलो. विस्तव राखेखाली गेला.

बऱ्याच वेळाने ती परत आली, ओटीत कणसं घेऊन.

"तुमाला माफ केलं असं म्या म्हननार न्हाई. तोंडदेखलं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पर आता एक करा. वैशू हितंच सुप्याला कंपनीत हाय. तिला वाटतं, म्या आत बी भांडनं केली, सुई चोरली, म्हनून लग्नाला आले न्हाई. म्या शपथ घेऊन सांगितलं, तिला खरं वाटलं न्हाई. सनासुदीला येती, बाहेरच्या बाहेर बसून जाती. तिला हे सांगाल का?"

"तुम्हीही चला."

"म्या न्हाई. म्या असले तर तिला वाटंल, म्याच पढवून आनलंय."

पाळी सुटायच्या वेळी आम्ही कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीपाशी थांबलो. शेखभाईंना आता सगळं कळलं होतं, पण त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. माझ्यासाठी चहा सांगितला, त्यात साखर जास्त घालायला लावली. बत्तीस वर्षांत मी वरिष्ठांपुढे, वकिलांपुढे, एकदा तर दंगा करणाऱ्या सबंध बराकीपुढे उभी राहिले, पण बोलायची वाक्यं मनात कधी घोकली नव्हती, ती त्या टपरीवर घोकली.

वैशाली निळ्या गणवेशात, स्कूटी ढकलत आली. पस्तिशी उलटलेली, खांदा आईसारखाच. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला आणि मग जे सांगायचं ते सांगितलं. ती माझ्याकडे न बघता हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

"आईनं पाठवलं तुम्हाला?"

"आज पाठवलं. पण चूक माझी आहे, ती तिला आजच कळली."

"शपथेवर सांगता?"

साळवेबाई शेजारी होत्या. मी म्हटलं, "शपथ घेत नाही. लिहून देते."

तिने पर्समधून वहीचं पान काढून दिलं. टपरीच्या फळीवर पान ठेवून मी लिहिलं: अमुक तुरुंगात अमुक दिवशी हरवलेली सुई कमल यांनी घेतलेली नव्हती, ती गोधडीच्या थरात मला सापडली, आणि ही गोष्ट मी जाणूनबुजून दडवली. खाली पूर्ण नाव, निवृत्त तुरुंगाधिकारी, आणि सही. असे शेकडो अहवाल मी लिहिले असतील. हा साडेचार ओळींचा होता आणि लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वैशालीने तो दोनदा वाचला. मला ती काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. पण तिने कागद घडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवला, स्कूटी सुरू केली, आणि मग बंद करून विचारलं, "तुम्ही निघालात तेव्हा ती जेवली होती का?"

"नाही," मी म्हटलं. "हुरडासुद्धा तिने खाल्ला नाही."

तिने मान हलवली आणि निघून गेली. कुठल्या दिशेला गेली ते गर्दीत दिसलं नाही.

दुसरा दिवस रविवार. साळवेबाईंच्या खोलीतल्या चारही खुर्च्या भरल्या. बाई, मी, आणि शेजारचे निवृत्त शिक्षक जाधवसर आणि त्यांच्या पत्नी. ही दोघं क्वेकर नाहीत, बौद्ध आहेत. "गप्प बसायचं आम्हाला आधीपासून ठाऊक आहे," सर म्हणाले, "इथे फक्त खुर्ची मिळते." मग सगळे बसले. दार उघडं होतं. बाहेर भाजीवाल्याची हाळी, स्कूटरचे आवाज, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. पहिली दहा मिनिटं मी घड्याळाकडे पाहत होते. नंतर मला ते नऊ दिवस दिसायला लागले. दिवस नव्हे, ती खोली. तिला खिडकी कुठल्या बाजूला होती हे मला आठवेना. मी किल्ली फिरवली होती, आत पाऊल टाकलं नव्हतं.

कुणीच काही बोललं नाही. तास संपला तेव्हा बाईंनी शेजाऱ्यांचे हात हातात घेतले. त्यांच्यात तसंच संपतं. पोहे झाले. पोहे खाताना बाईंचा फोन वाजला. तो त्यांनी माझ्या कानाला लावला.

"मॅडम, काल सांजच्याला वैशू आलीय," कमल दबक्या आवाजात सांगत होती. "ऱ्हायली बी. चुलीम्होरं बसलीय आता. जास्त बोलंना अजून. पर आत आलीय, घरात."

तिने आणखी काही म्हणायच्या आत मागून "आई, दूध उतू चाललंय" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

सोमवारी मी परत निघाले. बाईंनी राखाडी साडी परत घेतली नाही. शिरूरचा पूल ओलांडताना मी मागे वळून पाहिलं. शाळू, आकाश, बाकी काही नाही. त्या दोन-तीन दिवसांत मी ज्यांना भेटले ती माणसं फार मोठं काही करत नाहीत. एक गोधड्या शिवते, एक गुरुवारी तुरुंगात जायची. लंडनच्या त्या बाईनेही पहिल्या दिवशी फक्त पोरांचे कपडेच नेले होते. पण ती परत गेली. मला वाटतं, थोरवी असलीच तर या परत जाण्यात आहे. त्यांच्या लोकांनी एकांतकोठडीची चूकही केली, आणि साळवेबाई ती माझ्यासारखीला आपणहून सांगतात. मला तेवढं करायला अठरा वर्षं लागली.

चिपळूणला आल्यावर मी खात्याला पत्र लिहिलं, सुईचं सगळं. उत्तर अजून आलेलं नाही. येईल ते येईल. दुसरा अर्ज केला आमच्या जिल्ह्याच्या तुरुंगात आठवड्यातून एकदा बायकांना शिकवायला जाण्याचा. तो मंजूर झाला.

पहिल्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर उभी होते. भेटीला आलेल्या नातेवाइकांची रांग होती. डोक्यावर ऊन, बसायला काही नाही. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी हातातला मंजुरीचा कागद त्याला दाखवला. आतल्या पहाऱ्यावरच्या मुलीने झडपेतून माझा कागद घेतला आणि झडप लावून घेतली. अशा फाटकांतून मी बत्तीस वर्षं आत गेले होते, आणि मला पाहताच ती उघडायची. ते उघडायला किती वेळ लागतो, ते मला त्या दुपारी कळलं.